दोन संगणकांमधील हिशेबाची देवाणघेवाण : "गेले" आणि "आले" यांच्यामधली वाट

एखाद्या कारखान्यातील कामगाराच्या पगारपत्रकावर भविष्य निर्वाह निधीची कपात छापलेली असते. रक्कम बरोबर, महिना बरोबर. तीन महिन्यांनी निधीच्या खात्याचा उतारा पाहावा तर मधल्या एका महिन्याची नोंदच नाही. चौकशीला गेल्यावर वेतन विभाग सांगतो, "आमच्याकडून गेले." लेखा विभाग म्हणतो, "आमच्याकडे आलेच नाही." आणि शेवटी दोन्ही विभाग एकाच वाक्यावर येऊन थांबतात : कॉम्प्युटरचा घोळ आहे. हे उत्तर मिळाल्यावर माणूस गप्प बसतो, कारण कॉम्प्युटरशी भांडायचे कसे हे कोणालाच ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखात या "गेले" आणि "आले" यांच्यामधल्या वाटेची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण अवघड नाही. आज आपल्या अनेक घरांतील मुलेमुली संगणकक्षेत्रात नोकरी करीत आहेत. कित्येक बंधू-भगिनी बँका, कारखाने व महामंडळे येथील लेखा आणि आस्थापना शाखांत काम करतात. पहिल्यांना हे ज्ञान पोटापाण्याचे आहे आणि दुसऱ्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो. ज्यांची केवळ रक्कम या वाटेने प्रवास करते, त्यांना नेमका कोणता प्रश्न विचारावा एवढे जरी कळले तरी पुष्कळ झाले.

मधल्या आकाराचे यंत्र आणि तयार कपडे

संगणक म्हटले की टेबलावरचा पीसी डोळ्यांसमोर येतो. दुसऱ्या टोकाला मेनफ्रेम असतो. पूर्वी त्यासाठी खास थंड केलेली खोली आणि माणसांचा मोठा ताफा लागे. या दोहोंच्या मधला एक वर्ग आहे, त्याला मिडरेंज म्हणतात. शेकडो माणसे एकाच वेळी ज्यावर काम करू शकतील असा, पण मध्यम उद्योगाला परवडणारा संगणक, अशी त्याची साधी व्याख्या करता येईल. या वर्गातील सर्वांत गाजलेले यंत्र म्हणजे आयबीएम कंपनीचे एएस/४००. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर येथे ते विकसित झाले आणि २१ जून १९८८ रोजी जाहीर झाले. सिस्टिम/३६ व सिस्टिम/३८ ही त्याची आधीची पिढी. त्याचे वैशिष्ट्य असे की डेटाबेस वेगळा विकत घेऊन बसवावा लागत नाही, तो कार्यप्रणालीतच विणलेला असतो. २००० साली या यंत्राचे नाव आयसिरीज झाले, २००६ मध्ये सिस्टिम आय झाले, आणि २००८ पासून पॉवर यंत्रांवर चालणारी ही कार्यप्रणाली आयबीएम आय म्हणून ओळखली जाते. यंत्रशाळेतली जुनी मंडळी मात्र आजही "फोर हंड्रेड" असेच म्हणतात. आरपीजी भाषेत फार पूर्वी लिहिलेले प्रोग्रॅम त्यावर अजून चालू आहेत.

आपल्या देशाशी या कंपनीचा संबंध १९७८ मध्ये तुटला होता. १९९२ मध्ये टाटांच्या भागीदारीत ती परत आली. पुढे शतक बदलण्याच्या सुमारास वाय-टू-केच्या कामासाठी मुंबई-पुण्याकडील जे तरुण परदेशी गेले, त्यांपैकी कित्येकांचा रोजचा सहवास याच यंत्राशी होता.

आता प्रोग्रॅमविषयी. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या गरजेप्रमाणे प्रोग्रॅम लिहून घेई, म्हणजे शिंप्याकडे माप देऊन कपडे शिवून घेण्यासारखे. नंतर तयार कपड्यांचा जमाना आला. जमाखर्च, साठा, उत्पादन, वेतन अशा सर्व कामांची तयार प्रणाली बाजारात मिळू लागली, तिला पॅकेज म्हणतात. एएस/४०० वर अशी पॅकेजेस उदंड होती. डेन्व्हर येथे १९७७ साली स्थापन झालेल्या जेडी एडवर्ड्सचे पॅकेज जमाखर्चासाठी नावाजलेले होते. शिकागोच्या सिस्टिम सॉफ्टवेअर असोसिएट्सचे बीपीसीएस हे कारखान्यांसाठी होते. मॅपिक्स हे मुळात आयबीएमनेच काढलेले, तेही कारखान्यांसाठीच. पुढे जेडी एडवर्ड्सला २००३ मध्ये पीपलसॉफ्टने आणि पीपलसॉफ्टला २००५ मध्ये ओरॅकलने घेतले. मॅपिक्स २००५ मध्ये आणि बीपीसीएसची मालक कंपनी २००६ मध्ये इन्फॉरकडे गेली. एकेकाळचे प्रतिस्पर्धी असे एका छताखाली आले, म्हणून त्यांची पॅकेजेस एकमेकांशी आपोआप बोलू लागली असे मात्र नाही.

एका कंपनीत दोन यंत्रे आणि दोन पॅकेजेस कशी येतात? कारखाना एका गावी, मुख्य कचेरी दुसऱ्या गावी. कारखान्याच्या व्यवस्थापकाला उत्पादनाचे पॅकेज पसंत पडले, मुख्य लेखापालाला जमाखर्चाचे. किंवा एका कंपनीने दुसरी विकत घेतली आणि तिच्याबरोबर तिचे यंत्रही आले. प्रत्येक पॅकेज असे गृहीत धरून चालते की सगळे जग आपल्याच पोटात आहे. माल पाठवला गेला तो कारखान्याच्या यंत्रावर, त्याचे बिल वसूल व्हायचे मुख्य कचेरीच्या यंत्रावर. पगार निघाला एकीकडे, त्याचा खर्च आणि त्यातील कपाती खतावणीत चढायच्या दुसरीकडे. मधला पूल मात्र दोन्ही विक्रेत्यांपैकी कोणीच बांधून दिलेला नसतो. तो कंपनीच्या संगणक विभागाला बांधावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत कमी अनुभवी मुलाच्या गळ्यात पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हीच पहिली गफलत होय.

नेण्याच्या वाटा

सर्वांत जुनी वाट टेपची. एका यंत्रावर फाइल टेपवर उतरवायची, माणसाने ती दुसरीकडे न्यायची आणि चढवायची. आज हे हास्यास्पद वाटेल, पण एक हिशेब करून पाहू. समजा, १ लाख नोंदी आहेत आणि प्रत्येक नोंद २०० बाइटची आहे. म्हणजे एकूण २ कोटी बाइट झाले. एकेकाळी सर्रास असलेली भाड्याची तार सेकंदाला ९,६०० बिट नेई, म्हणजे फार तर १,२०० बाइट. त्या वेगाने ही फाइल पोचायला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो, तोही मधे तार तुटली नाही तर. एवढ्या वेळात टेप घेतलेला शिपाई एस.टी.ने निम्मा जिल्हा ओलांडून जाई.

पुढे याच कामासाठी सेव्ह फाइल आली. ही जणू यंत्राच्या आतलीच टेप. ती तारेवरून थेट पाठवता येते. दोन्हीकडे एएस/४०० असेल तर ही पद्धत अतिशय भरवशाची आहे, कारण फाइलची रचना तिच्याबरोबरच जाते.

दुसरी एक सोय फार मोहक आहे. तिचे नाव डीडीएम. यात पहिल्या यंत्रावर एक नावापुरती फाइल तयार करतात. तिच्यात माहिती काहीच नसते, फक्त "खरी फाइल अमुक यंत्रावर अमुक ठिकाणी आहे" एवढाच पत्ता असतो. प्रोग्रॅम नेहमीसारखी फाइल उघडतो, वाचतो, लिहितो, आणि आपण दुसऱ्या गावची फाइल हाताळत आहोत याचा त्याला पत्ताही नसतो. प्रोग्रॅमची एक ओळही बदलावी लागत नाही. पण यातच तोटा आहे. किल्लीने एकेक नोंद शोधून वाचायची म्हटली की प्रत्येक नोंदीसाठी तारेवरून एक हेलपाटा होतो. जागच्या जागी दोन मिनिटांत होणारे काम रात्रभर चालते. शिवाय या गावच्या प्रोग्रॅमने त्या गावची नोंद कुलूपबंद करून ठेवली आणि नेमकी तार तुटली, तर तिथला कारकून विनाकारण ताटकळतो. म्हणून एखादी शिल्लक पाहायला किंवा थोडक्या नोंदी टाकायला डीडीएम चांगले, पोत्यांनी माल वाहायला नव्हे.

एफटीपीने फाइल पाठवणे हा सर्वांना माहीत असलेला मार्ग. कोणत्याही जातीच्या यंत्राला तो कळतो. याशिवाय रांगेची पद्धत आहे. एका प्रोग्रॅमने निरोप रांगेत टाकायचा, दुसऱ्याने सवडीने उचलायचा. एएस/४०० वर डेटा क्यू नावाची रांग अंगभूतच आहे. नव्वदच्या दशकात आलेले एमक्यूसिरीज हे त्याच कल्पनेचे मोठे रूप. पलीकडचे यंत्र बंद असले तरी निरोप अलीकडे जपून ठेवला जातो, आणि ते सुरू झाल्यावर पोचवला जातो. माल गाडीत चढताच बिल निघावे अशी निकड असेल तिथे रांग हवी. महिन्यातून एकदा निघणाऱ्या पगारासाठी रांगेचा थाट करण्याचे कारण नाही. तिथे फाइलच बरी, कारण ती मोजता येते, छापता येते आणि पुन्हा काढता येते.

जर्नलचा उल्लेख इथे ओझरता करतो. डेटाबेसमधील प्रत्येक बदलाची रोजकीर्द एएस/४०० आपणहून ठेवू शकते, आणि ती दुसऱ्या यंत्रावर सतत पाठवत राहण्याची सोयही पुढे झाली. आगीपुरापासून बचावासाठी जुळे यंत्र ठेवायचे असेल तर याला तोड नाही. पण त्यातून मिळते ती हुबेहूब नक्कल. एका पॅकेजची नक्कल दुसऱ्या पॅकेजच्या काय कामाची?

चाळीसचे वीस

दोन्ही यंत्रे एएस/४०० असतील तर पुढची अडचण सहसा येत नाही. एक एएस/४०० आणि दुसरे युनिक्स किंवा विंडोजचे असेल तर मात्र ती पहिल्याच दिवशी येते.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून दिलेला असतो. अडचण अशी की आयबीएमच्या मोठ्या व मधल्या यंत्रांनी एब्सिडिक नावाची एक यादी वापरली, बाकीच्या जगाने आस्की नावाची दुसरी. इंग्रजी मोठे "ए" हे अक्षर एब्सिडिकमध्ये १९३ आहे, आस्कीमध्ये ६५. कोरी जागा एब्सिडिकमध्ये ६४, आस्कीमध्ये ३२. एफटीपी हे भाषांतर वाटेत आपोआप करते, आणि मजकुरासाठी ते उत्तम करते. पण एएस/४०० वरील व्यापारी पॅकेजेस रकमा मजकूर म्हणून ठेवत नाहीत. जागा वाचवण्यासाठी एका बाइटमध्ये दोन अंक दाबून बसवलेले असतात. याला पॅक्ड म्हणतात. आता गंमत पाहा. ज्या बाइटमध्ये ४ आणि ० हे अंक शेजारी बसले आहेत, त्या बाइटचे मूल्य ६४ होते. भाषांतर करणाऱ्याला ती रक्कम आहे हे कसे कळणार? त्याला ती एब्सिडिकमधली कोरी जागा दिसते. तो तिच्याऐवजी आस्कीची कोरी जागा ठेवतो. तिचे मूल्य ३२, म्हणजे शेजारी बसलेले २ आणि ०. चाळीसचे वीस झाले! त्याच न्यायाने पन्नासचे सव्वीस होतात.

कोणी चोरी केली नाही, यंत्र बिघडले नाही, तार तुटली नाही. कुठलाही लाल दिवा लागला नाही. ६० या अंकांच्या वाट्याला मात्र असे रूप येते की त्याचा अर्धा भाग अंकच राहत नाही, आणि घेणारा प्रोग्रॅम अडखळून थांबतो. अशा वेळी संगणक विभागात धावपळ होते, शिव्याशाप होतात. वास्तविक साठने उपकार केलेला असतो. घातक असतात ते गपचूप सव्वीस होणारे पन्नास.

उपाय साधा आहे. पाठवण्यापूर्वी आपल्याच यंत्रावर सर्व रकमा सुट्या अंकांत लिहून घ्याव्यात आणि वजाचे चिन्ह वेगळ्या रकान्यात द्यावे. चिन्हासाठी वेगळा रकाना का, तर या यंत्रांवर ऋण रकमेचे चिन्ह शेवटच्या अंकातच मिसळण्याची चाल आहे. उणे १२५ ही रक्कम पडद्यावर "१२" आणि पुढे "एन" हे इंग्रजी अक्षर अशी दिसू शकते. आगाऊ उचल परत घेतल्याच्या नोंदी नेमक्या अशाच ऋण असतात.

याच दोन याद्यांमुळे आणखी एक चकवा होतो. एब्सिडिकमध्ये क्रमवारी लावली तर अक्षरे आधी आणि अंक नंतर येतात, आस्कीमध्ये अंक आधी. मालाच्या क्रमांकात अंक व अक्षरे मिसळलेली असतील आणि दोन फाइली शेजारी ठेवून जुळवणी करायची असेल, तर दोन्हीकडे "क्रमवार" असलेल्या फाइली एकमेकींशी जुळत नाहीत. निम्म्या नोंदी "सापडल्या नाहीत" म्हणून बाहेर पडतात, प्रत्यक्षात असतात सगळ्या.

शब्द तेच, अर्थ वेगळा

अक्षरे नीट पोचली तरी अर्थ पोचतोच असे नाही. जेडी एडवर्ड्समध्ये तारीख सहा आकड्यांत ठेवतात : पहिला आकडा शतकाचा, पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे तीन वर्षातील कितवा दिवस याचे. ३१ डिसेंबर १९९९ म्हणजे ०९९३६५ आणि त्याचा दुसरा दिवस १००००१. शतक बदलताना हीच रीत उपयोगी पडली. परंतु पलीकडचा प्रोग्रॅम सहा आकडे म्हणजे दिवस-महिना-वर्ष असे समजत असेल तर? ११०१२० म्हणजे २०१० सालचा १२० वा दिवस, ३० एप्रिल. तोच आकडा दुसऱ्या रीतीने वाचला तर ११ जानेवारी २०२० होतो. दोन्ही तारखा अगदी सोज्वळ आहेत, कोणतीही तपासणी त्यांना अडवणार नाही.

याच पॅकेजात रक्कम पैशांसह सलग लिहिलेली असते, दशांशचिन्ह फाइलमध्ये नसते. ते कुठे द्यायचे हे शब्दकोशासारख्या एका वेगळ्या फाइलीत ठरवलेले असते. १२५० रुपये ५० पैसे फाइलीत १२५०५० असे दिसतात. ज्याला हे ठाऊक नाही तो शंभरपट रक्कम उचलतो. विभागाचा संकेतांक बारा जागांच्या रकान्यात उजव्या कडेला चिकटवून ठेवायचा असतो. डावीकडून लिहिला तर डोळ्यांना तोच दिसतो, पॅकेजला मात्र तो विभाग अस्तित्वातच नसतो. एका पॅकेजात माल नगावर मोजला जातो, दुसऱ्यात डझनावर. ग्राहकाचा, विभागाचा, कामगाराचा क्रमांक दोन्हीकडे वेगवेगळा. यासाठी जुळवणी तक्ता ठेवावा लागतो : इकडचा अमुक म्हणजे तिकडचा तमुक. तक्ता करणे सोपे, तो ताजा ठेवणे कठीण. नवा विभाग उघडला की इकडे नोंद होते, तक्त्यात करायची राहते, आणि त्या विभागातील सर्व कामगारांच्या नोंदी पलीकडे नाकारल्या जातात. लेखाच्या आरंभी सांगितलेला न दिसणारा महिना बहुधा असाच हरवतो. बदली होऊन नव्या विभागात गेलेल्या माणसाचा पहिला महिना!

पुढचे दार

काही चतुर मुले विचारतात की एवढा खटाटोप कशाला? पलीकडच्या खतावणीच्या फाइलीतच सरळ नोंदी लिहून टाकू. यंत्राची परवानगी असेल तर तसे करता येते, आणि पहिले काही दिवस सगळे छान दिसते. पण पॅकेज म्हणजे एक फाइल नव्हे. जेडी एडवर्ड्समध्ये खतावणीच्या नोंदी एफ ०९११ या फाइलीत असतात आणि खात्यांच्या शिलका एफ ०९०२ मध्ये. नोंद रीतसर चढवली तर पॅकेजचा प्रोग्रॅम शिल्लकही बदलतो. तुम्ही भिंत फोडून नोंद आत टाकली तर शिल्लक जुनीच राहते. मग नोंदींची बेरीज एक आणि ताळेबंद दुसराच. हिशेबतपासनीसाने विचारले की उत्तर नाही.

म्हणून चांगल्या पॅकेजला बाहेरच्यांसाठी एक पुढचे दार ठेवलेले असते. वरील पॅकेजात त्यासाठी एफ ०९११ झेड १ ही वेगळी फाइल आहे. बाहेरच्याने नोंदी तिथे आणून ठेवायच्या. पॅकेजचा स्वतःचा प्रोग्रॅम त्या तपासतो : खाते आहे का, तारीख चालू कालखंडातील आहे का, जमा आणि नावे यांची बेरीज जुळते का. मगच तो त्या आत घेतो. हा मार्ग हळू आहे आणि तो नोंदी नाकारतो, म्हणून तरुण मंडळींना आवडत नाही. परंतु नाकारणे हेच त्या दाराचे काम आहे.

आणखी एक कारण आहे. पॅकेजची नवी आवृत्ती आली की आतल्या फाइलींची रचना बदलते. एएस/४०० यात सावध असते. जुन्या रचनेवर बांधलेला प्रोग्रॅम नव्या फाइलीला हात लावू लागला की ते त्याला तिथेच अडवते. याला लेव्हल चेक म्हणतात, आणि त्याचा सीपीएफ ४१३१ हा संदेश या क्षेत्रातील प्रत्येकाला तोंडपाठ असतो. ही तपासणी बंदही करता येते. रात्री दोन वाजता काम अडले की ती बंद करण्याचा मोह होतो. मग रकान्यांची सरमिसळ होऊन जो कचरा जमा होतो तो उपसायला आठवडे लागतात.

मोजदाद आणि पोचपावती

पूर्वीच्या मनीऑर्डरची आठवण अनेकांना असेल. मुंबईच्या गिरणीतून गावाकडे पैसे पाठवले की पोस्टाच्या खिडकीवर एक पावती मिळे. ती फक्त "पोस्टाने पैसे घेतले" एवढे सांगे. खरी निश्चिंती नंतर, गावाकडून आईच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच परत आल्यावर होई. या दोन पावत्यांमधला फरक ज्याला समजला, त्याला आपला सगळा विषय समजला असे मी म्हणेन.

एफटीपीने फाइल पोचवली की पलीकडचे यंत्र २२६ क्रमांकाचे उत्तर देते : काम पूर्ण झाले. वेतन विभागाचे "आमच्याकडून गेले" हे त्या उत्तरावर आधारलेले असते. पण ही खिडकीवरची पावती आहे. फाइल पलीकडच्या डिस्कवर उतरली, एवढाच तिचा अर्थ. ती कोणी उघडली का, त्यातील किती नोंदी पॅकेजने स्वीकारल्या, किती नाकारल्या, याबद्दल ती काही बोलत नाही. फाइल अर्धी उतरलेली असतानाच पलीकडचा प्रोग्रॅम ती वाचू लागला, असेही घडते. म्हणून शहाणे लोक मोठी फाइल आधी पाठवतात आणि ती पूर्ण गेल्यावर मागून एक छोटी रिकामी फाइल पाठवतात. ती दिसल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही असा करार असतो.

करार हा शब्द मुद्दाम वापरला. प्रत्येक खेपेला क्रमांक हवा. खेपेच्या शेवटी एक नोंद हवी, तीत एकूण नोंदी किती आणि रकमांची बेरीज किती हे लिहिलेले असावे. जुने लोक आणखी एक बेरीज घालत : सर्व कामगार क्रमांकांची. या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो. पण एखादी नोंद गळाली आणि तिच्याऐवजी तेवढ्याच रकमेची दुसऱ्याची नोंद दोनदा आली, तर रकमेची बेरीज जुळेल, ही जुळणार नाही. निरर्थक बेरीज किती अर्थपूर्ण असते पाहा!

खेपेचा क्रमांक कशासाठी? समजा, ८,००० नोंदींपैकी ५,००० पोचल्यावर तार तुटली. संगणकचालकाने पुन्हा सुरुवातीपासून पाठवले. पलीकडे १३,००० झाल्या. पाच हजार जणांची कपात दोनदा चढली. क्रमांक असेल आणि घेणाऱ्याने आधी घेतलेल्या क्रमांकांची नोंदवही ठेवली असेल, तर तो म्हणेल, ही खेप माझ्याकडे अपुरी आहे, आधीची टाकून देतो आणि ही घेतो. ती पूर्ण असेल तर म्हणेल, ही मी घेतली आहे, परत घेणार नाही. आपल्या कचेऱ्यांतील आवक-जावक नोंदवहीपेक्षा यात वेगळे काहीच नाही. कित्येक ठिकाणी संगणक आला आणि ती वही बंद झाली, हे मात्र वाईट झाले.

आणि शेवटी पोच. ती घेणाऱ्या यंत्राकडून नव्हे, घेणाऱ्या पॅकेजकडून यायला हवी : खेप अमुक, मिळाल्या ८,०००, स्वीकारल्या ७,९८८, नाकारल्या १२, त्यांची कारणे ही. पुलाचे काम इथवर नीट केलेले असले तरी बहुतेक ठिकाणी पुढचा प्रश्न लोंबकळत राहतो : ती बारा नोंदींची यादी कोण वाचणार? वेतन विभागाला वाटते की ती लेखा विभागाची, कारण त्यांच्या यंत्रावर छापली जाते. लेखा विभागाला वाटते की चूक वेतनाची, त्यांनीच सुधारावी. यादी ट्रेमध्ये पडून राहते. बारा माणसांच्या पगारातून पैसे कापलेले आहेत, निधीत भरलेले नाहीत. पतपेढीच्या हप्त्याची नोंद अशी अडकली तर त्या माणसावर थकबाकीचा शिक्का बसतो आणि व्याजही चढते. निधीची वर्गणी महिना संपल्यापासून पंधरा दिवसांत भरावी असा १९५२ च्या योजनेचा दंडक आहे, म्हणजे ही यादी वाचायला, तक्ता दुरुस्त करायला आणि उरलेली खेप पुन्हा पाठवायला जेमतेम दोन आठवडे मिळतात. २०१४ पासून सदस्याला यूएएन हा एकच कायम क्रमांक मिळतो आणि आपले पासबुक स्वतः पाहता येते. ही फार चांगली सोय आहे. पण त्यात दिसते ते फक्त भरलेले. कापलेले आणि न भरलेले शोधायचे तर पगारपत्रक शेजारी ठेवून महिन्यामागून महिना ताडून पाहावे लागते.

तेव्हा कोणी "कॉम्प्युटरचा घोळ" म्हटले तर विचारावे : त्या महिन्याची खेप कितवी होती? तिच्यात किती नोंदी पाठवल्या आणि पॅकेजने किती स्वीकारल्याची पोच आली? नाकारलेल्यांची यादी कोणाच्या सहीने निकाली निघाली? जिथे काम नीट चालते तिथे या प्रश्नांची उत्तरे पाच मिनिटांत मिळतात, कारण ती लिहून ठेवलेली असतात.

आता वर्षअखेरीविषयी थोडेसे, कारण तिथे चांगले बांधलेले पूलही डळमळतात. ३१ मार्चला संध्याकाळी कारखान्यातून माल निघाला किंवा पुरवणी पगार निघाला. खेप रात्री निघते आणि पलीकडे पोचते तेव्हा १ एप्रिल उजाडलेला असतो. घेणाऱ्या पॅकेजने जुने वर्ष मध्यरात्रीच बंद केले असेल तर ते या नोंदी नाकारते. आणि पूल बांधणाऱ्याने व्यवहाराची तारीख न पाठवता पोचल्याची तारीखच नोंदीवर घातली असेल तर त्या निमूटपणे नव्या वर्षात जाऊन बसतात, जे अधिक वाईट. यासाठी दोन्ही तारखा दोन वेगळ्या रकान्यांत पाठवाव्यात. शिवाय मुख्य कचेरीने मार्चचा कालखंड शेवटच्या खेपेची पोच परत जाईपर्यंत उघडा ठेवावा आणि तो बंद करण्याचा दिवस दोन्ही विभागांनी मिळून फेब्रुवारीतच लेखी ठरवावा.